समोरच्या खोलीतला कापूस आणि माझं ग्राफिक्स कार्ड

त्या साली आमच्या समोरच्या खोलीत सव्वीस क्विंटल कापूस भरला होता. मागच्या भिंतीपासून अर्ध्या खोलीपर्यंत, खिडकीच्या वरच्या गजाला टेकलेला. उरलेल्या अर्ध्या खोलीत माझं लोखंडी टेबल, त्यावर मॉनिटर आणि खाली कॅबिनेट. दिवसा मी इथे बसून गावातल्या लोकांचे पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे फॉर्म भरते. रात्री भांडी घासून झाली की हेडफोन लावते आणि गेम सुरू करते. दोन्ही कामं मी सारख्याच मनापासून करते.

घरात कापूस असला की एक वास असतो. कोरडा, सरकीचा, थोडा धुळीचा. अंगाला खाज सुटते, माय दर दोन दिवसांनी चादरी उन्हात टाकते. आणि तंतू उडतात. एरवी दिसत नाहीत, पण सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आत आलं की सगळी खोली त्यांनी भरलेली दिसते. जिकडे वारा ओढेल तिकडे ते जातात, आणि त्या खोलीत रात्रंदिवस वारा ओढणारी एकच वस्तू होती, माझं कॅबिनेट.

कॉम्प्युटर मुळात दादाचा. २०१६ साली पॉलिटेक्निकला असताना त्यानं नागपुरातून सुटे भाग आणून जोडला होता. इंटेलचा आय-फाइव्ह ४४६०, एच-८१ चिपसेटचा बोर्ड, आठ जीबी रॅम आणि जीटी ७१० नावाचं कार्ड. पुढे दादा चाकणला कंपनीत लागला आणि कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. जीटी ७१० हे एवढंसं कार्ड, १९ वॅटचं. फॉर्म, लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर, सगळं त्यानं निमूटपणे केलं. पण गेम सुरू केला की सेकंदाला दहा-बारा फ्रेम. झाडांना पानं नाहीत, माणसांना सावल्या नाहीत, आणि समोरचा डोंगर आपण पायथ्याशी पोहोचल्यावर एकदम उगवायचा. अशा तुटक चित्रांवर मी सहा वर्षं खेळले. दोन चित्रांच्या मधे काय घडलं असेल ते मनातच भरून घ्यायची सवय लागली होती.

कार्ड नेमकं काय करतं, हे मायनं एकदा विचारलं. तिला मी वावरातलं उदाहरण दिलं आणि ते तिला पटलं, म्हणून इथेही तेच देते. प्रोसेसर म्हणजे चार कसलेले सालदार. वखर धरतील, फवारणी करतील, बैलाच्या खुराला औषध लावतील, कोणतंही काम सांगा. पण आहेत चारच. पऱ्हाटी फुटली, पंधरा एकर पांढरंशुभ्र झालं, तर चार सालदार काय करणार? तिथे बायांचा जथा लागतो. प्रत्येकीनं एक पात धरायची आणि सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तो जथा. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकाचा रंग ठरवायचा आणि तो सेकंदाला साठ वेळा ठरवायचा. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींच्या वर बोंडं, आणि एका वेच्याला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद. जीटी ७१० मध्ये अशा वेचणाऱ्या १९२. मला हवं होतं त्या जीटीएक्स १६६० सुपरमध्ये १,४०८. शिवाय वेचलेला माल वावराबाहेर काढायची वाट: जुन्या कार्डाची मेमरी सेकंदाला १४.४ जीबी वाहायची, नवीन कार्डाची ३३६. पहिली पायवाट, दुसरी हायवे. माय म्हणाली, "मंग इतले दिवस बिचाऱ्या बायाईची फजितीच केली म्हणा ना तुमी."

हे कार्ड अमेरिकेत २०१९च्या ऑक्टोबरात २२९ डॉलरला आलं. मी पैसे साठवायला लागले तोवर २०२१ उजाडलं होतं आणि आपल्याकडे तेच कार्ड तीस हजारांच्या पुढे गेलं होतं. जगभर चिपांचा तुटवडा होता हे एक कारण. दुसरं कारण इथेरियम. ते डिजिटल चलन तेव्हा ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून मिळवता यायचं, यालाच मायनिंग म्हणतात, म्हणून लोक एकेका रॅकवर आठ-आठ, दहा-दहा कार्डं लावून रात्रंदिवस चालवत होते. खेळणाऱ्यासाठी काही उरतच नव्हतं.

त्याच हंगामात कापूसही वर चढत होता. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ६,०२५ रुपये, आणि २०२२च्या सुरुवातीला हिंगणघाटच्या बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेला. आमच्या घरात मात्र तेव्हा एक बोंडसुद्धा शिल्लक नव्हतं. देणी होती, म्हणून बाबांनी दिवाळीच्या आसपास साडेसात हजारांनी सगळा माल मोकळा केला होता. त्यानंतर रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन भाव सांगायचं. बाबा ऐकून घ्यायचे, तंबाखू मळायचे, काही बोलायचे नाहीत. पुढच्या साली, २०२२च्या दिवाळीनंतर, भाव साडेआठ हजार होता तरी त्यांनी कापूस घरात भरला. गावातल्या कितीतरी घरांनी तेच केलं.

आणि १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली. कार्डांवरची ती आकडेमोड एका दिवसात बंद. लाखो कार्डं बिनकामाची झाली, ती हळूहळू जुन्या मालाच्या बाजारात यायला लागली आणि दर उतरू लागले. मी आणखी थांबले. म्हणजे एकाच खोलीत दोन जण वाट पाहत होतो. बाबा भाव चढायची, मी भाव पडायची. रात्री मी दर बघायची ते मोबाइलवर, आणि बाबा पलीकडे बाजेवर पडून बाजार समितीचे आकडे बघायचे ते त्यांच्या मोबाइलवर. दोघांच्याही तोंडावर तोच उजेड.

जानेवारीत माझा भाव आला. साडेदहा हजार. मी एसटीनं नागपूरला गेले आणि बर्डीवर एका जुन्या कार्डांच्या दुकानात तासभर बसले. दुकानदारानं विचारलं, "भावासाठी घेता का?" मी म्हटलं, माझ्यासाठी, आणि अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून दाखवा. जुनं कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. चालवून बघा. तापमान कुठे जाऊन थांबतं ते बघा. पडद्यावर चौकोन, रेघा उमटतात का बघा. पंख्याला कान लावा. मायनिंगचं कार्ड म्हणून लोक घाबरतात, पण माझ्या मते त्यात आधी जातो तो पंखा आणि वाळते ती चिपची उष्णता बाहेर नेणारी आतली पेस्ट. दोन्ही बदलता येतं. चिप सहसा धडधाकट असते.

मला आरएक्स ६६०० सुद्धा दाखवलं होतं. ते नवीन आहे आणि जास्त जोरकसही आहे, तरी मी घेतलं नाही. ते आठ लेनचं कार्ड आहे, म्हणजे बोर्डाशी माहितीची ये-जा करायला त्याला आठच वाटा. माझा एच-८१ बोर्ड जुन्या, सावकाश पीसीआय एक्स्प्रेस २.० जोडणीचा, त्यात ते अर्ध्या वाटेवरच चालणार. १६६० सुपर सोळा लेनचं. शिवाय प्रोसेसर तोच जुना, चार कोरचा. बाबांची या बाबतीतली समज कोणत्याही यूट्यूबवाल्यापेक्षा पक्की आहे, कारण त्यांनी विहिरीत मोटरी टाकल्या आहेत. विहिरीला झरा कमी असेल आणि वर मोठी मोटर बसवली, तर पाणी वाढत नाही, मोटर हवा ओढते. झऱ्याच्या मानानं मोटर. मी तेवढीच घेतली.

परतताना कार्ड मांडीवर धरून बसले. बुटीबोरी, जाम चौरस्ता, हिंगणघाट. खड्डा आला की पिशवी दोन्ही हातांनी उचलून धरायची.

पुढचं सांगताना अजूनही पोटात गोळा येतो.

कार्डाला आठ पिनची वेगळी वायर लागते. माझ्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती नव्हती. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तो डबा, वर स्टिकर ४५० वॅटचं, पण हातात घेतला तर रिकाम्या टिफिनएवढा हलका. त्याच्या दोन साध्या पिनांवरून आठ पिन करून देणारं एक कन्व्हर्टर मी आणलं होतं. जोडलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पडदा आला, मी आनंदानं गेम लावला. सात-आठ मिनिटं चालला असेल. मग आतून फट् असा आवाज आणि कागद जळाल्यासारखा वास.

माझ्या खुर्चीपासून चार हातांवर सव्वीस क्विंटल कापूस होता.

बाबा अंगणात होते. धावत आले, आधी मेन स्विच पाडला, मग कॅबिनेटच्या सगळ्या वायरी एका झटक्यात उपटून ते उचललं आणि थेट अंगणात नेऊन ठेवलं. आत येऊन कापसाच्या कडेला उकिडवे बसले आणि ढिगात हात खुपसून खुपसून पाहिलं, कुठे गरम लागतो का. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मी दारात उभी होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते मला एक शब्दही रागावले नाहीत. रात्री जेवायला बसल्यावर विचारलं, "किती अँपिअर घेते थे?"

मी हिशेब सांगितला. कार्ड १२५ वॅटचं, बारा व्होल्टवर, म्हणजे दहा अँपिअरच्या वर. बाबांचा घास हातातच राहिला. "इतुकशा वायरीतून दहा अँपिअर? माही पाच एचपीची मोटर साडेसात घेते, बाई." आणि थोड्या वेळानं, "मोटर मोठी घेतली त स्टार्टरबी तसाच घ्या लागते."

दुसऱ्या दिवशी गावात खेडा खरेदीवाला आला होता. बाबांनी त्याला एक क्विंटल कापूस दिला, आठ हजार शंभर रुपयांनी. ज्या ढिगाला त्यांनी अडीच महिने कोणाला हात लावू दिला नव्हता, त्यातला. त्या पैशांतून ३,४०० चा चांगल्या बनावटीचा एसएमपीएस आला, तो हातात घेतला की वजन कळायचं. यूपीएसची बॅटरी आली. आणि बाकीचे पैसे अर्थिंगला गेले.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गावाकडच्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आमचंही तसंच होतं. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. दादा म्हणायचा, होतंच तसं. पण ते तसं असायला नको. एसएमपीएसच्या तोंडाशी बारीक कपॅसिटर असतात, विजेतला कचरा ते जमिनीत सोडतात. जमिनीची वाटच नसेल तर कॅबिनेटचं सगळं लोखंड अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. बाबांनी न्हाणीच्या मागे खड्डा खणला, कारण तिथली माती कायम ओली. जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला सोडते, म्हणून त्यात महिन्यातून दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. ते काम माझ्याकडे आहे. मी अजून एकदाही चुकवलेलं नाही.

नवा एसएमपीएस बसवून पहिल्यांदा बटण दाबायच्या आधी मायनं मला थांबवलं. वाटीत दहीभात आणला, कॅबिनेटला हळदकुंकवाचं बोट लावलं. "सीतादही केल्याबिगर वेचा सुरू नाही करत," म्हणाली. मग मी बटण दाबलं आणि हात कॅबिनेटवर ठेवला. झिणझिण्या नव्हत्या. नुसतं गार लोखंड.

त्या रात्री मी लावला तो फार्मिंग सिम्युलेटर २२. यात शेती करायची असते, आणि यात कापूसही आहे. आतापर्यंत मला तो पडद्यावर हिरवट-पांढऱ्या ठिगळासारखा दिसायचा. आता बोंडं दिसली. वेगवेगळी, उमललेली, वाऱ्यानं हलणारी, आणि संध्याकाळच्या उन्हात प्रत्येक झाडाची सावली शेजारच्या तासावर पडलेली. मी बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून खुर्चीच्या मागे उभे राहिले. मी ते भलंमोठं यंत्र वावरात घातलं. ते एका बाजूनं पऱ्हाटी गिळत गेलं आणि मागून कापसाची मोठी गाठ बाहेर टाकली.

"दुसरा वेचा कधी करते हे?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, दुसरा वेचा नसतोच. अमेरिकेकडे आधी औषध फवारून पानं गाळतात, सगळी बोंडं जवळपास एकदम फुटलेली असतात, आणि यंत्र एका फेरीत सगळं घेऊन जातं. ते बराच वेळ बघत राहिले. आपल्याकडे बोंडं मागेपुढे फुटतात. तीन वेचे, कधी चार. मग फरदड, म्हणजे वेचे संपल्यावर त्याच पऱ्हाटीवर पुढचं पीक, ठेवू नका, गुलाबी बोंडअळी वाढते, असं कृषी सहायक सांगतो आणि तरी पाणी असलं की माणसाचा जीव राहवत नाही. बाबांनी पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. "आन् बाया?" मी म्हटलं, बाया नाहीत यात. ते म्हणाले, "किलोमागं दहा रुपये देतो आपण. तरी बाया भेटत नाही." त्यांच्या आवाजात हेवा नव्हता, तक्रारही नव्हती. एखादा सोनार दुसऱ्याच्या दुकानातला दागिना बघतो तसे ते बघत होते. मग म्हणाले, "परत चालव बरं, ते गाठ पाडते थे." मी परत चालवलं. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत कापूस काढला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, बाहेरचा भाव खाली खाली आला. साडेआठचा आठ, आठचा साडेसात. माझ्याकडे मात्र दिवसागणिक चांगलं होत होतं. ज्या बाजारानं थांबल्याबद्दल मला दिलं, त्यानंच थांबल्याबद्दल बाबांकडून काढून घेतलं, आणि हे सगळं एका छपराखाली चाललं होतं. खेळता खेळता कधी मान वळली तर मागे तो ढीग असायचा, आणि मी आवाज कमी करायची. हेडफोन असूनही.

एप्रिलपासून उन्हाळा सुरू झाला. विदर्भाचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला गेमिंगमधली उष्णता कळणार नाही. बाहेर ४४-४५, पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४०. कार्ड ८३ अंशांजवळ गेलं की आपणहून वेग कमी करतं, आणि चित्र परत तुटायला लागतं. कुलर कॅबिनेटसमोर लावू नका. ओल्या ताट्यांमधून येणाऱ्या वाऱ्याबरोबर बारीक पाणी येतं आणि बोअरच्या पाण्याचा क्षार पांढरा थर धरतो. मी दुसरा उपाय केला. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज खायची मर्यादा, ७५ टक्क्यांवर आणली. सात-आठ फ्रेम गेल्या, पण तापमान चांगलंच उतरलं. आणि वेळ बदलली. संध्याकाळी सगळ्या गावाचे कुलर सुरू झाले की व्होल्टेज १८० वर येतं आणि यूपीएस टकटक करत बसतो. पहाटे चारला तोच आकडा २३५ असतो, हवा गार असते, आणि कोंबडा आरवेपर्यंत कोणी फॉर्म भरायला येत नाही. मी पहाटे खेळायला लागले. बाबा तेव्हा उठलेलेच असायचे. चहा करून एक कप माझ्या टेबलावर ठेवायचे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कापूस गेला. सात हजार दोनशे. पावसाआधी बियाणं, खत घ्यायचं होतं, आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. व्यापाऱ्यानं ढिगातून मूठभर कापूस घेतला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, तुटलेले तंतू नखावर मांडून त्यांची लांबी पाहिली आणि म्हणाला की माल पिवळा पडला, तारही राहिली नाही. बाबा काही बोलले नाहीत. त्या सालच्या सगळ्या कापसात सर्वांत चांगला भाव मिळाला तो जानेवारीतल्या त्या एका क्विंटलला.

खोली रिकामी झाली. बोललं की आवाज घुमायचा. दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट ओसरीवर आणून उघडलं, कारण आठवडाभर कार्डाचे पंखे जोरात फिरत होते आणि तरी तापमान उतरत नव्हतं. चार स्क्रू काढले, पंख्यांची पट्टी बाजूला केली. आतल्या ॲल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर राखाडी नमदा बसला होता, बोटभर रुंद, पात्यांच्या खाचांचे ठसे उमटलेला. चिमट्यानं एक टोक धरलं तर तो सगळाच्या सगळा अलगद निघून आला, गोधडीचा तुकडा निघावा तसा. मग मी चिपवरची वाळलेली पेस्ट पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि स्क्रू आवळायला घेतले.

बाबा शेजारी बसले होते. त्यांनी तो नमदा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली. आतून थोडं पांढरं निघालं. ते त्यांनी दोन चिमटींत धरलं आणि हळूहळू ओढलं. तुटलेले तंतू डाव्या अंगठ्याच्या नखावर सारखे करून उजेडाकडे धरले.

"तार आहे ना," ते म्हणाले.